व्हेन्वचा फोल्डर पेनड्राइव्हवरून नेऊ नका

प्रश्न असा: फोंड्याला कॉलेजच्या लॅपटॉपवर (उबुंटू २४.०४) जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) चालतं. वाळपईला घरी पावसात नेट धड मिळत नाही, म्हणून व्हेन्वचा (एका प्रोजेक्टपुरतं वेगळं ठेवलेलं पायथन आणि त्याची पॅकेजं) अख्खा फोल्डर घरच्या उबुंटू २२.०४ वर आणला. प्रॉम्प्टला नाव दिसतं, पण 'नो मॉड्यूल नेम्ड जँगो' येतं.

तो फोल्डर हलवण्यासाठी बनलेलाच नसतो. ॲक्टिव्हेट स्क्रिप्टमध्ये जुन्या मशीनवरचा पूर्ण पाथ लिहिलेला असतो. ती चालवली की प्रॉम्प्ट बदलतो, पण तो पाथ घरच्या मशीनवर नसल्यामुळे शेल मुकाट्याने सिस्टिमचं पायथन उचलतं. 'विच पायथन३' देऊन बघा, लगेच कळेल. व्हेन्वच्या बिन फोल्डरमधली पिप (पॅकेजं उतरवणारी कमांड) फाइल उघडलीत तर पहिल्याच ओळीत तोच जुना पाथ. शिवाय पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर त्यावर सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) टिकत नाहीत.

न्यायच्या त्या व्हील फाइली, म्हणजे पॅकेजच्या इन्स्टॉलसाठी तयार फाइली. (कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप रोमनमध्ये करा.) फोंड्याला नेट असताना:

पिप डाउनलोड -डी व्हील्स "जँगो==५.२.*" टायपिंग-एक्स्टेन्शन्स

यातून बनलेला 'व्हील्स' फोल्डर घरी न्या. ५.२ मुद्दाम. २४.०४ वर पायथन ३.१२ आहे, तिथे नुसतं 'जँगो' म्हटलंत तर ६.० येईल, आणि ते ३.१२ च्या खाली बसत नाही. घरी ३.१० आहे, ५.२ त्यावर चालतं. दुसरं नाव (टायपिंग-एक्स्टेन्शन्स) का, तर जँगोला लागणारं ॲसगीरेफ हे पॅकेज ३.११ च्या खालच्या पायथनवर ते मागतं. ३.१२ वर उतरवताना पिप ते आपणहून घेत नाही, आणि घरी नेमकं तिथेच अडतं.

पिलोसारखी (चित्रं हाताळणारं पॅकेज) कंपाइल केलेली पॅकेजं असतील तर त्यांच्यासाठी --पायथन-व्हर्जन ३.१० आणि --ओन्ली-बायनरी=:ऑल: हे दोन्ही पर्याय लावा, नाहीतर ३.१२ ची व्हील घरी चालणार नाही.

घरी एक गोष्ट नेट असतानाच उरकून ठेवा: 'सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व'. त्याशिवाय व्हेन्व अर्धवटच बनतं. पुढे नेट लागत नाही, पिपसुद्धा त्यातच येतं. जुना फोल्डर काढून टाका, मग:

पायथन३ -एम व्हेन्व .व्हेन्व
सोर्स .व्हेन्व/बिन/ॲक्टिव्हेट
पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स=व्हील्स जँगो

'पायथन -एम जँगो --व्हर्जन' ने ५.२ दाखवलं की झालं. प्रोजेक्टचा फोल्डर आणि त्यातली एसक्यूलाइटची (डेटाबेसची) फाइल मात्र पेनड्राइव्हवरून बिनधास्त न्या. फक्त कॉपी करण्याआधी रनसर्व्हर (जँगोचा चाचणीचा सर्व्हर) बंद करा.