एकट्याने लांबचा कयाक प्रवास: निघण्याआधी

रोजचं अंतर नकाशावर मोजून ठरवू नका. सामान भरलेली कयाक संथ पाण्यात ताशी 5 किलोमीटरच्या आसपास जाते आणि समोरून जोराचा वारा आला की वेग निम्म्यावर येतो. कालव्यावर लॉक (बोटींना वरच्या-खालच्या पातळीवर नेणारी दरवाजांची कोठी) आलं की बोट बाहेर काढून ट्रॉलीवरून पुढे न्यायची, त्यात अर्धा तास सहज जातो. सुरुवातीला दिवसाला 20 किलोमीटर भरपूर झाले.

पाणी, डबे असं जड सामान बैठकीला लागून, तळाशी ठेवा. मागे वजन जास्त झालं तर हलकं झालेलं नाक वारा ढकलतो. पुढे जास्त झालं तर बोट सारखी वाऱ्याकडे वळते. भरल्यावर काठाजवळ तरंगवून दोन्ही टोकं सारखी तरंगतात का ते बघाच.

तलाव पहाटे, काठाकाठाने पार करा. दुपारी वारा वाढतो. उलटल्यावर परत चढण्याचा सराव भरलेल्या बोटीवरच करा, रिकामीवर केलेला फसवा असतो. वल्हं बोटीला बांधून ठेवणारी दोरी तलावात उपयोगी, पण वाहत्या नदीत काढून टाका, ती अडकते.

नदीतल्या बंधाऱ्याची मला खरी काळजी वाटते. वरच्या बाजूने तो पाण्यावरची नुसती सरळ रेघ दिसतो. खाली मात्र पाणी उलटं फिरून माणसाला धरून ठेवतं. एकट्याने तो कधीच उतरू नका, बराच आधी काठाला लागा. आणि लाइफ जॅकेट अंगावर, फोन त्याच्याच खिशात जलरोधक पिशवीत.