वाचकांचे प्रश्न : नेपाळच्या डोंगरात सेवेसाठी जाताना

मागील अंकात नेपाळच्या डोंगराळ भागातील प्रवासावर लेख प्रसिद्ध झाला. त्यानंतर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे : नुसते फिरून यायचे नाही, एखाद्या गावात राहून हातभार लावायचा आहे. ही इच्छा मोलाची आहे, म्हणूनच तिच्याविषयी आडपडदा न ठेवता लिहायला हवे. निवडक पत्रांची उत्तरे पुढे देत आहे.

प्रश्न : आम्ही साताऱ्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाला शिकणाऱ्या दोन मैत्रिणी आहोत. परीक्षेनंतर महिनाभर काठमांडूतील एका अनाथाश्रमात मुलांना इंग्रजी शिकवायला जावे, असे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी एका संस्थेने राहण्या-जेवणासह मोठे शुल्क सांगितले आहे. पैसे भरून सेवा करणे योग्य आहे का?

उत्तर : शुल्क घेतले म्हणून संस्था वाईट ठरत नाही. तुमच्या राहण्या-जेवणाचा भार तिथल्या कोणावर फुकट पडू नये, हे उचितच आहे. माझी हरकत शुल्काला नसून आश्रमाला आहे.

नेपाळमधील बालगृहांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई-वडील, किंवा दोघांपैकी एक तरी, हयात असतात. १९९६ ते २००६ या माओवादी बंडखोरांच्या सशस्त्र संघर्षाच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतील पालकांनी, मूल बंडखोरांच्या हाती लागू नये आणि शहरात त्याचे शिक्षण व्हावे या आशेने, पदरचे होते नव्हते ते पैसे देऊन मुले मध्यस्थांच्या स्वाधीन केली. त्यांतील कित्येक मुले पुढे अनाथ म्हणून दाखवली गेली, कारण अनाथ मुलासाठी परदेशी पाहुण्याचा हात लगेच खिशात जातो. आजही अशी बालगृहे मुख्यतः काठमांडू खोरे, पोखरा आणि चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवर एकवटलेली आहेत; ज्या जिल्ह्यांतून मुले आणली जातात, तिथे ती फारशी आढळत नाहीत. गरज मुलांची आहे की पाहुण्यांची, हे एवढ्यावरूनच लक्षात यावे. २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेच्या भूकंपात सुमारे ९,००० माणसे दगावली, तेव्हा मुलांची अशी ने-आण वाढण्याचा धोका ओळखून नेपाळ सरकारने नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली. युनिसेफनेही त्या वेळी जाहीरपणे सावध केले होते.

दुसरे असे की, दर महिन्याला नवी ताई येते, लळा लावते आणि निघून जाते, हे लहान मुलांच्या मनाला सोसत नाही. साताऱ्यातील एखाद्या वसतिगृहात परदेशातून आलेल्या अनोळखी व्यक्तीला कोणतीही चौकशी न करता मुलांसोबत महिनाभर राहू दिले, तर आपण पालक म्हणून गप्प बसू का? जे आपल्या मुलांच्या बाबतीत चालणार नाही, ते नेपाळी मुलांच्या बाबतीतही चालू नये.

शिकवायचेच असेल तर सरकारी सामुदायिक शाळेला मुख्याध्यापकांमार्फत विचारा आणि तेथील शिक्षकांच्या हाताखाली काम करा. सुट्टीचे वेळापत्रक आधी पाहा, नाहीतर तुम्ही पोहोचाल तेव्हा शाळाच बंद असेल. मध्ये एखादी संस्था असेल तर तिची नोंदणी जिल्हा प्रशासन कार्यालयात झाली आहे का, ती समाज कल्याण परिषदेशी संलग्न आहे का आणि तुमच्या शुल्कातील किती रक्कम गावात पोहोचते, हे लेखी मागा. ज्या संस्थेला या प्रश्नांचा राग येतो, तिच्याकडे जाऊ नये.

आणि यातले काही जमले नाही, तरी नेपाळला जरूर जा, प्रवासी म्हणून जा. स्याङ्जा जिल्ह्यातील सिरुबारी गावात १९९७ पासून आणि लमजुङमधील घलेगाव येथेही अनेक वर्षे होमस्टे चालतो. गावात आलेले पाहुणे घरांना पाळीने वाटून दिले जातात, त्यामुळे चार पैसे एकाच्याच हाती न जाता घरोघरी पोहोचतात. अशा घरात संध्याकाळी चुलीजवळ बसले की उकळत्या पाण्यात नाचणीचे पीठ टाकून घरधनीण लाकडी पळीने तो घट्ट ढिंडो घोटताना दिसते. गुठळी होऊ नये म्हणून सतत घोटावे लागते आणि त्या वेळी मनगटाला किती जोर लागतो, हे आपल्याकडे भाकरी थापणाऱ्या बाईला सांगायला नको. सोबत आंबवून वाळवलेल्या भाजीचे, म्हणजे गुन्द्रुकचे, आंबट सार असते. या जेवणाचे रास्त पैसे देणे हीदेखील त्या गावाला झालेली खरी मदत आहे, आणि महिनाभराच्या अर्धवट शिकवण्यापेक्षा मी तिला वरचे स्थान देईन.

प्रश्न : मी कोरेगाव तालुक्यातील असून पाणीपुरवठा विभागातून अभियंता म्हणून निवृत्त झालो आहे. आमच्या भागात श्रमदानातून झालेली जलसंधारणाची कामे मी जवळून पाहिली, काहींत सहभागीही झालो. नेपाळच्या डोंगरात पाण्याचे हाल आहेत असे वाचले. माझ्या अनुभवाचा तिथे उपयोग होईल का?

उत्तर : आपले पत्र वाचून मनापासून आनंद झाला, कारण तिथे ज्याची उणीव आहे ते आपल्यापाशी आहे. मात्र इथली पद्धत जशीच्या तशी तिथे नेऊ नये.

आपला सह्याद्री काळ्या पाषाणाच्या आडव्या थरांचा आहे. दोन थरांमधून पाणी कुठे झिरपते आणि कुठे बाहेर पडते, याचा अंदाज अनुभवी माणसाला डोळ्यांनीही येतो. हिमालयातील खडक मात्र दुमडलेले, कललेले आणि जागोजागी भेगाळलेले आहेत. त्यामुळे एखाद्या गावाच्या झऱ्याला पाणी पुरवणारे क्षेत्र त्याच्या वरच्या उतारावर असेलच असे नाही. खडकाचा कल पाहता ते डोंगराच्या पलीकडच्या अंगालाही असू शकते. आपल्याकडे समतल चर खोदले की लाभ दिसतो. तिथे भुसभुशीत, तीव्र उतारावर चुकीच्या जागी खोदलेल्या चरात पाणी साठून पावसाळ्यात सगळा उतारच खाली येण्याची भीती असते. म्हणून तिथे कुदळीआधी भूगर्भाचा अभ्यास करावा लागतो. काठमांडू खोऱ्यातील इसिमोड ही १९८३ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था आणि आपल्या पुण्यातील भूजलावर काम करणारी ॲक्वाडॅम ही संस्था यांनी मिळून हिमालयातील झरे पुनरुज्जीवित करण्याची टप्प्याटप्प्याची कार्यपद्धती तयार केली आहे. आपण प्रथम पुण्याला जाऊन ती समजून घ्यावी. साताऱ्याहून पुणे काही लांब नाही, आणि तेथील मार्गदर्शनानंतर आपले नेपाळमधले पहिले पाऊल योग्य ठिकाणी पडेल.

डोंगरी गावांत पाणी बहुधा उताराच्या जोरावर येते. वरच्या झऱ्याचे पाणी टाकीत आणि टाकीतून काळ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांनी सार्वजनिक नळापर्यंत जाते. नळ्यांची तोंडे तापवलेल्या लोखंडी तव्यावर मऊ करून एकमेकांवर दाबून जोडतात. तवा कमी तापला किंवा हात हलला की सांधा कच्चा राहतो आणि पुढच्या हंगामात तिथूनच पाणी गळू लागते. योजना बांधायला पैसा मिळतो, पण पाच वर्षांनी गळणारा सांधा दुरुस्त करणारा, टाकीतील गाळ काढणारा आणि वर्गणीचा हिशेब ठेवणारा माणूस गावात तयार झालेला नसतो. आपण गावातील दोन तरुण-तरुणींना हे शिकवले, झऱ्याखाली ठराविक मापाची बादली धरून ती भरायला किती सेकंद लागतात हे दर महिन्याला वहीत लिहायची सवय लावली आणि ती वही वर्षभर चालू राहिली, तर तेवढ्या कामासाठीसुद्धा जाणे सार्थकी लागेल.

गाव निवडताना मधल्या माणसावर विसंबू नका. २०१५ च्या संविधानानंतर नेपाळमध्ये ७५३ स्थानिक सरकारे आहेत, आणि पिण्याचे पाणी हा विषय बऱ्याच अंशी गाउँपालिकेकडे, म्हणजे ग्रामीण भागातील स्थानिक सरकारकडे, येतो. तिच्या वडा (प्रभाग) कार्यालयाला आणि गावातील पाणी उपभोक्ता समितीला पत्र लिहून, त्यांनी बोलावले तरच जावे. आपल्या तालुक्यातील वेळू गावाला २०१६ मध्ये पहिला वॉटर कप मिळाला. तिथे बाहेरून आलेल्यांनी घमेली उचलली, पण कुठे खणायचे हे गावाने ठरवले होते. नेपाळमध्येही हाच क्रम ठेवावा.

प्रश्न : मी मिरजेत परिचारिका आहे. पंधरा दिवसांची रजा काढून नेपाळच्या खेड्यात आरोग्य शिबिरात काम करू शकते का?

उत्तर : रुग्णाला हात लावायचा असेल तर तेथील परिषदेची परवानगी हवी, डॉक्टरांसाठी नेपाळ मेडिकल कौन्सिल, परिचारिकांसाठी नेपाळ नर्सिंग कौन्सिल. भारतातील नोंदणी तिथे आपोआप चालत नाही. पंधरा दिवसांच्या शिबिरात रक्तदाबाच्या गोळ्या देऊन परत येण्याने रुग्णाचे भले होत नाही, कारण त्या गोळ्या संपल्यावर पुढे काय करायचे हे त्याला सांगणारे कोणी उरत नाही. नेपाळमध्ये १९८८ पासून महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविकांची व्यवस्था आहे आणि त्यांची संख्या सुमारे ५०,००० आहे. बालकांना जीवनसत्त्व ‘अ’ देण्यापासून गरोदर बायांना आरोग्यचौकीपर्यंत नेण्यापर्यंत किती तरी कामे या बाया स्वतःची शेती सांभाळून करतात. एखाद्या मान्यताप्राप्त रुग्णालयाच्या प्रशिक्षण कार्यक्रमात त्यांना नवजात बाळाची काळजी किंवा जखमेची स्वच्छता शिकवता आली, तर आपली रजा कारणी लागेल.

प्रश्न : व्हिसा, पैसे आणि प्रवासाची व्यवस्था कशी करावी? (कराड)

उत्तर : भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. मात्र पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ हवे. प्रौढांना केवळ आधार कार्डावर विमानात चढू देत नाहीत. आपले १०० रुपये म्हणजे तिथले १६० रुपये, हा दर ठरलेला आहे. सोबत १०० रुपयांच्या आणि त्याहून लहान नोटा ठेवल्या तर अडचण येत नाही. रेल्वेने पुण्याहून गोरखपूर, तेथून बसने सोनौली सीमा आणि पुढे पोखरा किंवा काठमांडू, हा मार्ग स्वस्त पण थकवणारा आहे. वेळ कमी असेल तर दिल्लीहून विमानाने जावे. कार्यालयीन पत्रांवर विक्रम संवताची तारीख असते, तेव्हा भेटीची वेळ ठरवताना इंग्रजी तारीख विचारून घ्यावी. घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते. जून ते सप्टेंबर दरडींचा काळ असतो. सप्टेंबर २०२४ च्या अखेरच्या पावसात तिथे २०० हून अधिक माणसे गेली. आपल्या नवरात्राच्या सुमारास तिथला मोठा सण दशैं असतो. तेव्हा सगळा देश घरी निघतो, कचेऱ्या बंद असतात आणि बसमध्ये जागा मिळत नाही.

प्रश्न : माझा मुलगा दर आठवड्याला डोंगर चढतो, साताऱ्याची हिल मॅरेथॉनही धावला आहे. आता तो मित्रांसोबत एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघाला आहे. उंचीचा त्रास होतो म्हणतात, त्याची काळजी वाटते. (सांगलीच्या एक आई)

उत्तर : ताई, आपली काळजी रास्त आहे, आणि मुलगा काटक आहे यात समाधान मानू नका. उंचीचा त्रास दमसास पाहून येत नाही. उलट धडधाकट तरुण भरभर वर चढतात आणि तेच जास्त सापडतात. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर आहे, तर विमान उतरते ते लुक्लाच २,८०० मीटरच्या वर, नामचे बाजार ३,४४० मीटरवर आणि बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच असतो.

त्याला एवढे बजावून सांगा. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचे. डोके दुखून मळमळू लागले तर ते उंचीमुळेच आहे असे धरून चालायचे आणि बरे वाटेपर्यंत वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागली, सरळ रेषेत चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता, रात्र असली तरी, सोबत माणूस घेऊन खाली उतरायचे. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांनी ठरवावे. हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही १९७३ पासूनची संस्था याच वाटेवर फेरिचे येथे हंगामात आरोग्यचौकी चालवते आणि उंचीविषयी माहितीसत्रही घेते. ते त्याने चुकवू नये. विमा घेताना ५,००० मीटरवरील हेलिकॉप्टर सुटका त्यात आहे का, हे ओळ न् ओळ वाचावे.

सामान उचलणाऱ्या भरियाचीही अशीच काळजी घ्यायला सांगा. तोही माणूसच आहे आणि त्यालाही उंची बाधते. त्याच्या पाठीवर वीस-पंचवीस किलोंहून अधिक ओझे देऊ नये, त्याच्या अंगावर पुरेसे उबदार कपडे आणि पायांत धड बूट आहेत का ते पाहावे, आणि तो आजारी पडला तर त्याला पैसे देऊन एकट्याला खाली पाठवू नये.

प्रश्न : आमच्या मंडळाने नेपाळमधील शाळेसाठी जुने कपडे, दप्तरे आणि वह्या गोळा केल्या आहेत. त्या कशा न्याव्यात? (विटा)

उत्तर : न्यावयाच्याच नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीकडे मदतीचा ओघ लागला, तेव्हा जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले आणि ते निवडून विल्हेवाट लावण्याचे कामही पूरग्रस्तांच्याच गळ्यात आले, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. शिवाय असे गठ्ठे सीमेवरील भन्सार कार्यालयात, म्हणजे सीमाशुल्काच्या नाक्यावर, अडतात आणि वाहतुकीचा खर्च वह्यांच्या किमतीपेक्षा वर जातो. जमवलेले साहित्य खानापूर-आटपाडी भागातील ज्या शाळा मागतील त्यांना द्यावे. नेपाळसाठी मंडळाने रोख वर्गणी काढावी, मुख्याध्यापकांकडून गरजेची यादी मागवावी आणि त्याच जिल्ह्याच्या बाजारातून खरेदी करावी. त्यामुळे तेथील दुकानदाराचाही व्यवसाय होतो आणि पुस्तके नेपाळच्या अभ्यासक्रमाची मिळतात. खरेदीची पावती शाळेच्या नावे घ्यावी आणि वस्तूंची नोंद शाळा व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत करून घ्यावी.