पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं?

प्रश्न: हायवेला पुढच्या गाडीपासून नेमकं किती अंतर ठेवायचं? माझे ब्रेक एकदम चांगलेत, मग जवळ राहिलं तर काय बिघडतं?

उत्तर: ब्रेक कितीही चांगले असले तरी पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण १ सेकंद जातोच आणि ताशी १०० किमीला तेवढ्यात गाडी जवळपास २८ मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक अजून लागलेलाच नाही बघा. त्यात स्पीड दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं, हे खूप जणांच्या लक्षातच येत नाही. मीटर मोजत बसू नका, पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की सेकंद मोजा, तुम्ही २ सेकंदांच्या आत तिथे पोचलात तर फारच जवळ आहात. पावसात ४ तरी ठेवा. मधे कोणी घुसलं तर घुसू दे, परत मागे राहायचं.