बोगस दंतवैद्य: तक्रार नेमकी कुठे अडते?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावात एक माणूस पदवी नसताना दात काढतो, ‘फिक्स’ दात बसवतो. आईला त्याने बसवलेल्या पुढच्या दोन दातांखाली हिरडीतून पू येतोय. पोलीस म्हणतात, ‘हे आमच्याकडे येत नाही.’ मग जायचं कुठे?
– एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : पोलिसांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणीशिवाय दातांवर उपचार करणं गुन्हा ठरवलं. पण राज्य सरकारच्या किंवा राज्य दंत परिषदेच्या आदेशाने तक्रार झाल्याशिवाय न्यायालय दखल घेणार नाही, अशी अटही घातली. नुसत्या त्या कायद्यावर उभी केलेली केस इथेच कोसळते. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड फार तर ५०० रुपये ठेवला. तेवढे तर तो एका दाढेचे घेत असेल! फसवणूक आणि जिवाला धोका (भारतीय न्याय संहिता, कलमं ३१८ आणि १२५) यांना मात्र ही अट नाही. म्हणून एकच अर्ज पोलीस ठाणे, तालुका आरोग्य अधिकारी आणि मुंबईची महाराष्ट्र राज्य दंत परिषद, तिन्हीकडे द्या. पोच घ्याच.

पुरावा आईच्या तोंडातच आहे. असे ‘फिक्स’ दात बहुधा शेजारच्या दातांना तारेने बांधून वर अ‍ॅक्रिलिकची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) पावडर आणि लिक्विड कालवून थापलेले असतात. कडेला अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही, हिरडी सडते. पू आहे, तेव्हा उद्यावर टाकू नका; सरकारी रुग्णालयातल्या दंतचिकित्सकाकडे न्या. मात्र ते बसवलेले दात काढण्याआधी फोटो आणि एक्स-रे हवेत. तार, अ‍ॅक्रिलिक, कोणते दात, सगळं केसपेपरवर लिहून घ्या. काढलेला तुकडा तारीख घालून पाकिटात जपा.

‘मी नुसता टेक्निशियन, डॉक्टर आत्ताच बाहेर गेले’ हा ठरलेला बचाव. भिंतीवर दुसऱ्याच कुणाचं प्रमाणपत्र टांगलेलं असतं. टेक्निशियनने डॉक्टरांच्या सांगण्यावरून कवळी बनवावी. रुग्णाच्या तोंडात हात घालायचा त्याला अधिकार नाही. त्यामुळे इंजेक्शन कोणी दिलं, माप कोणी घेतलं, पैसे कोणत्या तारखेला दिले, हे अर्जात स्पष्ट लिहा. पावती नसेल, तर यूपीआयची नोंद चालते.

फलकावरचा नोंदणी क्रमांक परिषदेकडे आधी पडताळा. पदवी नसूनही जुन्या नोंदवहीच्या ‘ब’ भागात कायदेशीर नोंद असलेले थोडे वयस्क लोक आहेत. त्यांच्यावर बोगसचा शिक्का मारलात, तर तुम्हीच अडचणीत याल.

छाप्याची कुणकुण लागली की शटर खाली येतं आणि खुर्ची रातोरात हलते. तेव्हा अर्जाची गावात वाच्यता नको, आणि पंचनाम्याला सरकारी दंतचिकित्सक सोबत असावा, अशी मागणी अर्जातच करा.