आकडी, खिसा की गळा? अंगावर चाकू ठेवायचा कुठे

मागच्या वेळी चाकूच्या धारेबद्दल लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली ती धारेबद्दल कमी आणि चाकू अंगावर ठेवायचा कुठे याबद्दलच जास्त. चार घेतलीत.

प्रश्न : मुंबईची नोकरी सोडून मी देवगडला बागेत आलोय. बाबा अजून कमरेला कोयती अडकवायची आकडी बांधून फिरतात. मी ऑनलाइन एक घडीचा क्लिपवाला चाकू घेतला आणि एक सरळ पात्याचा, म्यानासकट. व्हिडिओत कोणी बेल्टला पुढे लावतो, कोणी पाठीमागे आडवा, कोणी चक्क गळ्यात. मी सगळं करून बघितलं, सगळीकडे काही ना काही टोचतंच. बाबा हसतात. शेवटी चाकू ठेवायचो खंय? (वय २९, देवगड)

बाबा हसतात ते बरोबरच आहे, पण कारण न सांगता नुसते हसतात ही त्यांची चूक.

माडावर चढणारा माणूस एकदा नीट बघ. छाती, पोट, मांडीची आतली बाजू सगळं खोडाला लागून वर सरकत असतं, म्हणजे पुढच्या अंगाला काडीसुद्धा ठेवायची सोय नाही. कमरेच्या बाजूला ठेवलं तर वर पोचल्यावर झावळीत अडकतं. राहिली पाठ, म्हणून आकडी मागे. तळहाताएवढं लाकूड, काही जण लोखंडाची पण वापरतात, त्याला एक खाच, दोरीने कमरेला बांधलेली. कोयती वरनं त्या खाचेत सोडायची, पात्याची सपाट बाजू अंगाकडे, मूठ वर. हात मागे गेला की मूठ बरोबर पंजात येते, बघावं लागत नाही. आणि माझ्या मते काढण्यापेक्षा परत ठेवणं महत्त्वाचं, कारण काढताना सगळे सावध असतात, ठेवताना डोळे पुढच्या फांदीवर असतात. बटनवालं, पट्टावालं म्यान एका हाताने बंद करायला बसलास की दुसरा हात झाड सोडतो, तिथे आकडीत नुसती कोयती सोडून द्यायची, वजनाने ती आपली खाली बसते. अर्जेंटिनातले गाऊचो म्हणजे घोड्यावरून गुरं राखणारे, ते पण त्यांचा लांब चाकू पाठीमागे कमरपट्ट्यात खोचायचे. त्यांनी आकडी बघितली असेल असं काही नाही, पण दिवसभर पुढे वाकून बसणाऱ्याला पुढे काही नको असतं ते सगळीकडे सारखंच.

म्हणून चाकू कुठे शोभतो ते सोड. कामात अंगाची कुठली बाजू कशाला टेकते, कुठला हात मोकळा राहतो आणि पाय घसरला तर कुठल्या अंगावर पडशील, एवढं बघ. व्हिडिओवाला उभा राहून दाखवतो. बागेत उभं कोण राहतंय?

आता आकडीची वाईट बाजू, ती बाबा सांगणार नाहीत. पावसात शेवाळलेल्या कातळावर माणूस बहुतेक वेळा मागे पडतो, आणि आकडीतलं पातं उघडं असतं. म्हणून बांधताना बरोबर मणक्यावर नको, उजव्या कुल्ल्याकडे सरकवून बांध. आणि बाइकवर बसायच्या आधी कोयती काढायची म्हणजे काढायचीच. हे मी स्वतः करून शिकलोय. बागेतून घरी दीड किलोमीटर, कशाला काढा म्हणून तसाच बसलो आणि भाचा मागे बसला. वाटेत एका खड्ड्यात दणका बसला, घरी येऊन बघतो तर सीटचं कव्हर बोटभर फाटलेलं, भाच्याच्या मांडीपासून दोन इंचावर. ते कव्हर मी अजून बदललेलं नाही, मुद्दाम. झाडावर चढायची मशीन वापरत असशील तर सेफ्टी बेल्टची दोरी कुठून जाते ते पण बघून घे, ती पात्याच्या आसपास सुद्धा यायला नको.

घडीचा चाकू पुढच्या खिशात, ज्या हाताने काम करतोस त्या बाजूला. क्लिप खिशाच्या मागच्या कोपऱ्यात, शिवणीला चिकटून. टोक वर राहतं असा चाकू असेल तर पातं उघडायची बाजू शिवणीकडे ठेव, म्हणजे चाकू खिशात थोडा सैल झाला तरी शिवण त्याला उघडू देत नाही. उलटा ठेवलास तर एक दिवस रुमाल काढायला हात घालशील आणि रुमालाच्या आधी पातं लागेल. त्या खिशात दुसरं काही नको, किल्ल्या आणि मोबाईल दुसऱ्या बाजूला. मागच्या खिशात ठेवूच नकोस, बसलास की टोचतो नाहीतर रिक्षात पडतो, माझे दोन गेलेत असे. करवंदीच्या जाळीत घुसताना क्लिप अडकून चाकू ओढला जातो, तेव्हा क्लिपवर भरवसा न ठेवता तो पूर्ण खिशात आत टाक.

बेल्टला पुढे, पोटावर तिरका लावायची जी फॅशन आहे ती बागेत विसर. खाली बसलास की म्यानाचं टोक जांघेत जातं, आणि मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते, तिथली जखम खेळ नव्हे. गळ्यातला चाकू वाकल्यावर लोंबतो, तोंडावर येतो आणि दोरी फांदीत अडकली की फास. हौसच असेल तर झटक्याने तुटेल अशीच दोरी घाल. सरळ पात्याचा चाकू उजव्या कमरेला, पँटच्या शिवणीच्या जरा मागे, आणि मूठ बेल्टच्या वर फार यायला नको, नाहीतर वाकताना बरगडीत घुसते. फिनलंडचा पुक्को नावाचा चाकू असतो, त्याचं म्यान बेल्टखाली सैल लोंबतं आणि मूठ अर्धीअधिक म्यानात बुडालेली असते. बसलं की म्यान आपसूक बाजूला होतं. तसं म्यान शिवून घेता आलं तर उत्तम.

आणि कोय कलमं बांधायला जून ते ऑगस्टमध्ये शेडमध्ये बसशील ना, तेव्हा अंगावर चाकू नकोच. तासन्‌तास बसून काम, कलमाचा चाकू समोर पाटावर, ओल्या फडक्याशेजारी. खिशातली धूळ आणि तंबाखूची भुकटी त्या पात्याला लागली तर काप स्वच्छ येत नाही.

शेवटचं, म्यानात चाकूऐवजी तेवढीच लाकडी पट्टी घालून दोन दिवस फिर. बस, ऊठ, वाक, पोटमाळ्यावर चढ, बाइक चालव. टोचायचं ते पट्टीच टोचेल.

प्रश्न : बोटीवर चाकू कुठे ठेवावा? मी कमरेला लावतो, पण जाळं सोडताना मुठीत अडकतं. बुटात ठेवला तर गंजतो. (खलाशी, मालवण)

बुटातला आधी काढा. गमबुटात पाणी शिरलं की चाकू खाऱ्या पाण्यात भिजत राहतो, आणि पाय दोरात अडकला तर ज्या पायाकडे हात पोचत नाही नेमका त्याच पायात तुमचा चाकू.

बोटीवर चाकू लागतो तो मासे कापायला कमी, दोर कापायला जास्त. जाळं पाण्यात जात असताना दोराची फेट पायात नाहीतर मनगटात पडली की हातात काही सेकंद असतात, आणि एक हात अडकलेला असू शकतो, उजवाच असू शकतो. म्हणून चाकू अशा जागी पाहिजे जिथे डावा हात पण पोचेल आणि उजवा पण. ती जागा म्हणजे छाती. लाइफ जॅकेट घालत असाल (घाला हो!) तर त्याच्या पट्ट्यावर, मूठ खाली, म्यान इतकं घट्ट की ओढल्याशिवाय सुटणार नाही. जॅकेट नसेल तर पोटाच्या मध्यभागी, बेल्टला आडवा, अंगाला चिकटून. माडावरच्या माणसाला पुढे काही चालत नाही असं वर लिहिलं आणि इथे पुढेच ठेवा म्हणतोय, कारण तुमचं जाळं बाजूने आणि मागून घासत जातं, आणि अडकलेला हात पाठीमागे वळत नाही. जुन्या शिडाच्या जहाजांवरचे खलाशी पाठीमागे चाकू लावायचे म्हणतात, दोन्ही हात पोचावेत म्हणूनच. पण त्यांच्या पाठीमागून नायलॉनचं जाळं सुटत नव्हतं.

चाकू घडीचा नको, सरळ पात्याचा, टोक बोथट आणि निम्म्या पात्याला करवतीसारखे दाते. ओला नायलॉन दोर साध्या धारेवर सरकतो, दाते पकडतात. टोकाची तर गरजच नाही, हलत्या बोटीवर टोक फक्त माणसालाच लागतं. चाकूला दोरी बांधायची तर वीतभर, लांब दोरी स्वतःच जाळ्यात जाते. आणि तुमच्याकडचा एक असला तरी दुसरा एक बोटीलाच बांधून ठेवा, सुकाणूजवळ, सगळ्यांना माहीत असेल अशा जागी.

चामड्याचं म्यान समुद्रावर आणू नका. मीठ आणि ओल धरून ठेवतं, पातं आतल्या आत गंजतं, आणि पावसाळ्यात वरून बुरशी. इथे बरेच जण पीव्हीसी पाइपचं म्यान करतात ते झकास असतं. पाइपचा तुकडा तापवून मऊ करायचा, दोन फळ्यांत चपटा दाबायचा, पात्याभोवती आकार द्यायचा, खाली पाणी निघायला भोक पाडायचं. तापवणं उघड्यावर करा आणि जळू देऊ नका, जळलेल्या पीव्हीसीचा धूर विषारी असतो. किनाऱ्याला आलात की चाकू गोड्या पाण्याने धुवा, पुसा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीच्या दिवसात चाकू म्यानातून काढूनच ठेवा.

प्रश्न : मी साडी नेसते. बागेत दिवसभर केळीची पानं, भाजी, पोफळीखालची साफसफाई, म्हणून छोटी सुरी लागतेच. खिसा नाही, बेल्ट नाही. कमरेला खोचते तर घरचे ओरडतात. (गुहागर)

घरचे ओरडतात ते यावेळी बरोबर. निऱ्यांत खोचलेली उघडी सुरी म्हणजे पोटाला टोक, आणि खाली बसलात की ती कुठे जाईल ते देव जाणे. पण नुसतं ओरडून काय होणार, बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात त्याला तुम्ही काय करणार? चाकू बाळगायचं सगळं शहाणपण पँट घालणाऱ्यांनी लिहिलंय (वरचं माझं पण, कबूल).

जाड कापडाचा नाहीतर जुन्या बॅगेचा पट्टा घ्या, साडीवरून कमरेला, प्लास्टिकच्या खटक्याचा. त्याला उजव्या बाजूला एक उभी पिशवी शिवून घ्या, सुरीच्या म्यानासकट आत बसेल एवढी खोल, वर फक्त मूठ. मध्यभागी नको, कारण तुम्ही उकिडव्या बसून काम करता, दोन्ही मांड्या पोटाला लागतात, मोकळी राहते ती कमरेची बाजूच. पदर डाव्या खांद्यावर असतो तो पण मग आड येत नाही. म्यानाला बांबूचं कांडं सुद्धा चालतं, एका बाजूची गाठ ठेवून कापलेलं, टोक गाठीत टेकतं आणि बाहेर येत नाही. सुरीच्या मुठीला लाल चिंधी बांधा. पाचोळ्यात पडलेली सुरी शोधण्यात माझ्या आईची अर्धी संध्याकाळ जायची.

प्रश्न : कोयती आकडीत घालून कणकवलीच्या बाजारात गेलो तर पोलीस पकडतील का? शेजारी म्हणतात कायदा बदलला. (वाचक, कणकवली तालुका)

शेजाऱ्यांनी बातम्या बघितल्या असतील. पुण्यात 'कोयता गँग'च्या बातम्या यायला लागल्यापासून आपल्या गरीब कोयतीकडे पण लोक वेगळ्या नजरेने बघतात.

शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. त्यात ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचे चाकू वगैरे शस्त्रांच्या यादीत येतात, पण घरकाम, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलीत. म्हणजे बागेतली कोयती हे शेतीचं हत्यार, तिला लायसन नको. पण दुसरी गोष्ट लोक विसरतात. सण, निवडणूक, मोर्चे असले की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतो, आणि त्या दिवसांत सार्वजनिक ठिकाणी सुरे, काठ्या, तलवारी घेऊन फिरायला बंदी असते. तुमची कोयती शेतीची आहे हे तुम्हाला माहीत, नाक्यावर उभ्या असलेल्या नव्या पोलिसाला नाही.

त्यामुळे बाग सोडली की आकडी सोडा. बाजारात धार लावायला नाहीतर विकायला न्यायची असेल तर पात्याला पोतं गुंडाळून, दोरीने बांधून, पिशवीच्या तळाशी. विचारलं तर सरळ सांगा, कुठनं आलो, कुठे चाललो. खिशातला छोटा घडीचा चाकू पण जत्रेत, कोर्टात, तहसीलदार ऑफिसात घरीच बरा. आणि चिपीवरून विमानाने जाणार असाल तर चाकू चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत नाही. माझा एक कलमाचा चाकू असाच गेला, चांगला जुना होता, मुठीला बोटांचे खळगे पडलेले.