अनुक्रमणिका असताना शेवटी सूची कशाला?

माहितीपर पुस्तकात आरंभी अनुक्रमणिका असतेच, मग मागे सूचीसाठी, म्हणजे शब्द आणि त्यांचे पानांक यांच्या यादीसाठी, पानं का घालवतात आणि सातवीतल्या मुलीला प्रकल्पासाठी आधी काय उघडायला सांगू, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं तालुक्याच्या वाचनालयात काम केलं, त्या अनुभवावरून सांगतो.

अनुक्रमणिकेत लेखकाचा क्रम असतो, सूचीत वाचकाची गरज. शेतीच्या पुस्तकात जमीन, पाणी, फळबाग अशी प्रकरणं असतात. शेणखत मात्र तिन्हीत थोडं थोडं येतं. ते सगळे पानांक एका ओळीत मिळतात ते सूचीतच.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण म्हणजे श्रीधर व्यंकटेश केतकरांचा २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश. १९२० च्या दशकातलं हे काम. पहिले ५ प्रस्तावनाखंड विषयवार आहेत, सलग वाचायचे: वेदविद्या, बुद्धपूर्व जग वगैरे. सहाव्यापासून नोंदी अकारविल्हे, म्हणजे अ, आ, इ अशा वर्णक्रमाने. एवढं लावून झाल्यावरही २२वा खंड सूचीला दिलाय! ज्या गावाला किंवा माणसाला स्वतंत्र नोंद नसते, त्याची माहिती दुसऱ्याच कुठल्या तरी नोंदीच्या पोटात असते. तिथवर नेणारी वाट कुणीतरी बसून, पान न् पान चाळून केलेली असते. या कष्टाचं मोल आपल्याकडे फारसं कुणी करत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मराठी विश्वकोशात नोंदीच्या मजकुरात बाण दिसला, तर त्या शब्दावर वेगळी नोंद आहे असं समजायचं. तळाशी 'पहा' असेल तर तेही सोडू नका.

मुलं अडतात ती क्रमापाशी. बाळ गंगाधर टिळक 'ब'मध्ये शोधतात. नोंद असते 'टिळक, बाळ गंगाधर' अशी. 'क्ष' काही कोशांत 'क'च्या जोडाक्षरांत, तर काहींत पार शेवटी. अनुस्वाराचंही तसंच. म्हणून मुलीला आधी पुस्तकाच्या सुरुवातीची, क्रम कसा लावलाय ते सांगणारी सूचना वाचायला सांगा, मग सूची, आणि प्रकरणाचा आवाका कळावा म्हणून अनुक्रमणिका.

पुष्कळ मराठी पुस्तकांना सूचीच नसते. पुस्तक घरचं असेल तर शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने शब्द आणि पानांक लिहीत जायला सांगा. मी अजूनही तसंच करतो.