छंद म्हणून लाकूडकाम करतो, त्यासाठी कोणता सँडर घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की काम फ्लॅटच्या बाल्कनीत चालतं, आतापर्यंत पाइनच्या फळ्यांचे दोन शेल्फ आणि एक चौरंग झालाय, आणि हाताने पॉलिश पेपर घासून घासून खांदे भरून आलेत. पुढे आजोबांचं रंग दिलेलं जुनं कपाटही साफ करायचंय. बजेट सहा हजारांपर्यंत, आणि दुकानदार म्हणतोय की बेल्ट सँडर घ्या, काम झटपट होतं.

झटपट होतं हे खरंच आहे. म्हणूनच घेऊ नका. 125 मिलिमीटर पॅडचा, म्हणजे पाच इंची, रँडम ऑर्बिटल सँडर घ्या. घाईत असाल तर इथेच थांबून दुकान गाठलंत तरी चालेल.

मी स्वतः बेल्ट सँडरपासूनच सुरुवात केली होती, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय. सागाचं व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, असलेल्या प्लायचा सेंटर टेबल केला होता. वर एका जागी फेव्हिकॉलचा रुपयाएवढा डाग राहिला होता. मशीनला 80 नंबरचा पट्टा होता (नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत). टेकवलं, बटण दाबलं, आणि दावं सुटलेल्या खोंडासारखं ते पुढे धावलं. मी त्याला मागे ओढलं, तेवढ्यात तीनेक सेकंद गेले असतील. डाग गेला होता. त्याच्या जागी आधी फिकट चट्टा दिसला आणि त्या चट्ट्याच्या मधोमध आडव्या रेषा. सागाच्या रेषा उभ्या होत्या, म्हणजे या खालच्या थराच्या. असं व्हिनियर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं, ते तेवढ्यात पार झालं होतं. त्या जागेवर आजही फुलदाणी असते. पाहुण्यांना वाटतं, आमच्या घरी फुलांची हौस आहे.

बेल्ट सँडर हे सुताराचं मशीन आहे. दरवाजा खाली घासतोय, जिन्याच्या पायऱ्या एका पातळीत आणायच्यात, अशा कामाला ते लागतं. तुम्हाला फळी सपाट करायची असेल तर रंधा आहे. सँडरचं काम त्यानंतर सुरू होतं: करवतीचे, रंध्याचे ओरखडे घालवायचे आणि पॉलिशसाठी पृष्ठभाग तयार करायचा. पुष्कळ जण रंध्याचं काम सँडरकडून करून घ्यायला जातात, मग फळीला मधे खोलगट बशी होते आणि कडा उतरतात.

आता ऑर्बिटल आणि रँडम ऑर्बिटल यांतला फरक. नावं सारखी असल्यामुळे दुकानातसुद्धा यात घोळ होतो. आपण ओटा पुसतो तेव्हा हात गोल गोल फिरतो, पण तळवा स्वतःभोवती वळत नाही, बोटं समोरच असतात. साधा ऑर्बिटल सँडर तसा चालतो. त्याचं चौकोनी पॅड वळत नाही, पेपरचा प्रत्येक कण बारीकसं वर्तुळ काढत राहतो आणि मिनिटाला हजारो वेळा त्याच वर्तुळावरून जातो. पॉलिशचा पहिला हात दिला की ही वेलांट्यांची रांगोळी उठून दिसते. रँडम ऑर्बिटलमध्ये तीच हालचाल असते, पण गोल पॅड बेअरिंगवर मोकळं असल्यामुळे ते स्वतःभोवतीही फिरतं. त्यामुळे एकच ओरखडा पुन्हा त्याच वाटेने जात नाही. रेषेच्या दिशेनेच चालवलं पाहिजे असंही नाही. दोन फळ्या काटकोनात जोडल्या आहेत तिथे याची किंमत कळते.

साध्या ऑर्बिटलचं एक मात्र मान्य करायला हवं. त्याला साधा पेपर चालतो: 9 बाय 11 इंचाच्या एका शीटचे चार तुकडे करा आणि लावा. रँडम ऑर्बिटलला लागणारी गोल वेल्क्रो डिस्क, म्हणजे पाठीला वेल्क्रो असलेला गोल पेपर, त्या मानाने महाग पडते. शिवाय चौकोनी पॅड कोपऱ्यात जातं. बजेट निम्मं असतं तर मी तेच सुचवलं असतं. तुमचं आहे तेवढ्यात मात्र रँडम ऑर्बिटल बसतो.

माझ्याकडे बॉशचा जीईएक्स 125-1 एई आहे. 250 वॉटचा, वेग मिनिटाला 7500 ते 12000 फेऱ्यांमध्ये कमी-जास्त करता येतो. मकिताचा बीओ 5030 हा 300 वॉटचा, एकाच वेगाचा. मित्राकडे आहे आणि तोही चांगला. वॉटच्या आकड्यांच्या मागे लागू नका. सँडर दाबून चालवायचाच नसतो, मग ताकद घेऊन करणार काय? त्याऐवजी दुकानात तीन गोष्टी बघा. पॅडला धूळ ओढून घेणारी आठ भोकं आहेत का आणि तशा डिस्क सहज मिळतात का. सुटं पॅड आणि कार्बन ब्रश (मोटरमधला झिजणारा भाग) त्याच दुकानात मिळतात का. आणि मशीन हवेत धरून चालू केल्यावर पॅड भन्नाट गरगरत तर नाही ना. चांगल्या मशीनमध्ये त्याला आवरायला ब्रेक असतो. तो नसेल तर मशीन लाकडावर टेकताच पहिला चरा पडतो. तसंही सवय म्हणून आधी टेकवा, मग बटण दाबा.

सुट्या पॅडचा मुद्दा मी अनुभवाने शिकलो. टेबलाच्या प्रकरणानंतर मी एक स्वस्तातला रँडम ऑर्बिटल ऑनलाइन मागवला होता. चार महिन्यांत त्याच्या वेल्क्रोची पकड गेली, डिस्क चालू मशीनवरून उडून तुळशीच्या कुंडीत. चूक अर्धी माझीच होती, मी अंगाचा भार देऊन चालवायचो. दाबलं की घर्षणाने उष्णता वाढते आणि वेल्क्रोचे आकडे वितळतात. पण उरलेली अर्धी चूक अशी की त्या मशीनचं पॅड कुठेच मिळेना. पुण्यात असाल तर बोहरी आळीत, मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला प्रत्यक्ष जाऊन घ्या, म्हणजे पॅड, ब्रश, डिस्क सगळं एका फेरीत बघून होतं. ड्रिलला लावायच्या सँडिंग डिस्कच्या नादी तर मुळीच लागू नका.

मशीनपेक्षा पेपर महत्त्वाचा, हे मला फार उशिरा कळलं. 80, 120 आणि 180 नंबरच्या डिस्क घ्या, थोड्या 220 च्या. 80 वरून थेट 180 वर उडी मारायची नाही, कारण 80 चे खोल ओरखडे 180 ने जात नाहीत. ते फक्त लपतात आणि पॉलिश लागलं की वर येतात. प्रत्येक नंबर सुरू करण्याआधी फळीवर पेन्सिलीने हलक्या नागमोडी रेघा मारा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की तो नंबर संपला. मशीन सेकंदाला एक इंच इतक्या सावकाश सरकवा. पहिल्यांदा हा वेग असह्य वाटतो, देवळातल्या रांगेसारखा. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं तेव्हा कळलं की मी चौपट वेगाने ढकलत होतो.

पाइनमध्ये राळ असते. ती पेपरवर चिकटून टणक, चकचकीत ठिपके बनतात आणि मग पेपर कापायच्या ऐवजी लाकडावर रेघोट्या ओढतो. जुन्या बुटाचा क्रेप रबरी तळ कापून ठेवा आणि चालू डिस्कवर हलकेच टेकवा, बरीचशी राळ निघून येते. 180 झाल्यावर ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने फळी पुसा आणि वाळू द्या. तंतू उभे राहतील, हात फिरवला तर दोन दिवसांच्या दाढीसारखे लागतील. आता 220 चा पेपर हाताने, रेषेच्या दिशेने, हलका फिरवा. पाण्यात मिसळणारं पॉलिश लावणार असाल तर हे टाळू नका.

धुळीचं काय करणार, याचा तुमच्या प्रश्नात उल्लेखच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. रंध्याचा भुसा खाली पडतो, सँडरची धूळ हवेत तरंगते. मशीनची छोटी पिशवी सगळी धूळ पकडत नाही. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याचा पाइप सँडरला जोडा. तोंडं जुळत नसतील तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि दोन क्लिपा पुरतात. एन-95 मास्क लावाच. बाल्कनीतून धूळ खाली जाते हे मला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कळवलं. त्यांनी वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर सागाची तपकिरी छटा आली होती. त्या फक्त "अहो, जरा बघा हं" एवढंच म्हणाल्या, पण त्या दिवसापासून मी ओली चादर टांगून, पाइप जोडून आणि दुपारी एक ते चार सोडून काम करतो.

आजोबांच्या कपाटाला मात्र सँडर लावू नका. घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) आत हवं, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असेल असं धरूनच चाला. ते कोरडं घासलं की त्याची धूळ घरभर होते, आणि घरात लहान मूल असेल तर हा धोका फारच मोठा. रंग काढायचं केमिकल लावून, मऊ झालेला रंग ओलाच असताना पत्र्याने खरवडा, खाली वर्तमानपत्र घाला आणि ते गुंडाळून टाका. खालचं लाकूड पूर्ण उघडं झाल्यावर मशीनचं बघू.

आणि चौरंग पुन्हा करणार असाल तर पायांच्या आतल्या कोपऱ्यांना जोडण्याआधीच पेपर मारून घ्या. नंतर तिथे गोल पॅड जात नाही. मग लाकडाच्या ठोकळ्याला 180 चा पेपर गुंडाळून पुन्हा खांदे भरून येईपर्यंत घासावं लागतं.